कोटेशनमध्ये संडास लिहा

गेल्या फेब्रुवारीत एक निवृत्त मास्तर माझं घराच्या बांधकामाचं कोटेशन हातात घेऊन घरी आले. खाली-वर मिळून पंधराशे फुटांचा बंगला. चहा येईपर्यंत त्यांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं. "दादा, हे काय लिहिलंय? मजुरांसाठी तात्पुरता संडास, पिण्याच्या पाण्याची वेगळी टाकी, पोरांसाठी शेड. बाकी दोघांच्या कोटेशनमध्ये हे नाही."

"मग सर, त्यांचे मजूर आठ महिने संडासला जाणारच नाहीत का?"

मास्तर हसले. मग जरा थांबून म्हणाले, "जातीलच की. कुठं जातील?"

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर जातील. बायका पहाटे अंधारात उरकून घेतील आणि मधेच जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी कमी पितील. एप्रिलच्या उन्हात, डोक्यावर घमेलं घेऊन. हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. माझे वडील गवंडी होते, आई त्यांच्याच हाताखाली बिगारी. मी पहिली दोन वर्षं साइटवरच्या साडीच्या झोळीत काढली.

पुण्याजवळच्या वाघोली, केसनंद, लोणीकंद या पट्ट्यात मी बावीस वर्षं घरं बांधतोय. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली. साइटवर जे नीट होत नाही, ते बहुतेक वेळा कुणी दुष्ट असतो म्हणून होत नाही असं नाही. ते दरात धरलेलं नसतं, म्हणून होत नाही. राडारोडा नाल्यात जातो, कारण लांब नेण्याचं भाडं कुणी लावलेलं नसतं. परांचीला, म्हणजे उंचावर काम करायला बांधलेल्या माचाला, कठडा नसतो, कारण कठड्याचे बांबू कुणाच्याच हिशेबात नसतात. म्हणून घर बांधायला काढलं असेल, तर 'माणसांची काळजी घ्या हं' असं तोंडी सांगू नका. कोटेशनमध्ये ओळ टाकून घ्या, तिच्यापुढे रक्कम टाकून घ्या. कुठल्या ओळी, ते सांगतो. हे बंगला, रो-हाउस, दुमजली घर बांधणाऱ्या मालकांसाठी आहे. टॉवर बांधणाऱ्यांचे नियम वेगळे आणि त्यांना सांगायला वकील आहेत.

आधी कराराचा प्रकार बघा

आपल्याकडे काम दोन तऱ्हेने दिलं जातं. 'मटेरियलसह' किंवा 'लेबर रेट'ने. लेबर रेटमध्ये सिमेंट, स्टील, वाळू तुम्ही आणता आणि ठेकेदार फक्त माणसं लावतो. घोटाळा इथं होतो. ठेकेदार म्हणतो, संडासाचे पत्रे म्हणजे मटेरियल, ते मालकाचं. मालक म्हणतो, मजुरांची सोय म्हणजे लेबर, ते तुमचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि संडास होतच नाही. करार लेबर रेटचा असेल, तर या सोयींचा खर्च कुणाचा, हे नाव घालून लिहा.

संडासाला लागतं काय? चार पत्रे, बांबू किंवा अँगल, आतून कडी लागणारं दार, एक साधं भांडं आणि दीड मीटर खोल शोषखड्डा, विटांच्या तुकड्यांनी भरलेला. बोअर किंवा विहीर असेल तर त्यापासून जितका लांब घेता येईल तितका घ्या. पुढे जिथं तुमची सेप्टिक टाकी येणार आहे ती आधीच बांधून घेतली, तर शोषखड्डाही लागत नाही. मी आता तसंच करतो. सगळं मिळून साधारण पाव टन स्टीलच्या पैशात बसतं. स्लॅबच्या दिवशी मटणाचं जेवण घालायला मालक कधी मागेपुढे बघत नाहीत, नारळ-पेढे वेगळे. या खर्चाला मात्र तोंड वाकडं होतं. मास्तरांना मी हे असंच म्हणालो. त्यांनी ओळ ठेवली.

पिण्याचं पाणी वेगळ्या टाकीत हवं. क्युरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायच्या, ड्रममधून पाणी पिणारी माणसं मी रोज बघतो, आणि त्याच ड्रममध्ये सिमेंटचं घमेलं धुणारीही. झाकणाची टाकी, तिला नळ. नळ नसेल तर माठ आणि लांब दांड्याचं ओगराळं, म्हणजे आत हात जात नाही. उन्हाळ्यात कामाची वेळ सकाळी सात ते साडेअकरा आणि दुपारी साडेतीनपासून पुढे धरा, तसं मुकादमाशी पहिल्या दिवशीच ठरवा. दुपारच्या उन्हात लावलेला गिलावाही तडकतोच, त्यामुळे यात तुमचं नुकसान काही नाही.

खोल्या कुठं घालायच्या

गावाकडून, कलबुर्गीकडून, बिहार-बंगालमधून आलेली कुटुंबं साइटवरच पत्र्याच्या खोल्या घालून राहतात. जागा तुम्ही दाखवता. ती दाखवताना तीन ठिकाणं टाळा: जुन्या सीमाभिंतीचा आडोसा, पायाच्या खड्ड्याची कड आणि विजेच्या तारांखालची जागा.

भिंतीचा आडोसा माणसाला आपोआप हवासा वाटतो. वारा लागत नाही, एका बाजूचे पत्रे वाचतात. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्याच्या कोंढव्यात अशाच खोल्यांवर सोसायटीची सीमाभिंत कोसळली आणि पंधरा माणसं गेली. मुलंही होती. पावसाने भिजलेल्या मातीचा दाब भिंतीवर येतो आणि पलीकडे खोदलेलं असेल तर भिंतीचा पाय सुटतो. समजायला अवघड काहीच नाही. तरी दर पावसाळ्यात मला कुठं ना कुठं भिंतीला टेकलेल्या खोल्या दिसतात. मी भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडून दोरी मारतो आणि त्याच्या आत खोली घालू देत नाही.

दुसरं, टाकी. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोसरीच्या मजूर वसाहतीत पाण्याची टाकी फुटून अंघोळीला उभी असलेली माणसं दगावली. तात्पुरतं म्हणून विटांची टाकी उभारतात, चार दिवसांत पाणी भरतात. पाण्याचं वजन घनमीटरला एक टन असतं, ते काही तात्पुरतं नसतं. माणसांच्या वापरासाठी प्लॅस्टिकची तयार टाकी घ्या, घर झाल्यावर तीच गच्चीवर चढवा.

पोरं

बांधकाम मजुरांसाठीचा १९९६ चा कायदा म्हणायचा, पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्या. माझ्या साइटवर एका वेळी चार बायका असतात. म्हणजे त्या कायद्याच्या नजरेत माझ्याकडे पोरंच नव्हती.

२०१४ च्या मे महिन्यातली गोष्ट. जमिनीखालची टाकी बांधून झाली होती, क्युरिंगसाठी म्हणून भरून ठेवली होती. तोंडावर प्लायचा तुकडा. सेंट्रिंगवाल्याला, म्हणजे काँक्रीटचे साचे बांधणाऱ्याला, सकाळी तेवढ्याच मापाचा तुकडा हवा होता, त्याने उचलला. मी गेटपाशी फोनवर वाळूच्या गाडीवाल्याशी भांडत होतो. दोन वर्षांची पोरगी, आई वरच्या मजल्यावर विटा चढवत होती. आवाज काहीच झाला नाही, हंडा भरताना होतो तेवढाच. खाली सळई कापत बसलेल्या फिटरला फक्त एवढं जाणवलं की आत्ता इथं बसलेलं पोर दिसत नाही. तो चपलेसकट टाकीत उतरला. पोरगी वाचली. तिच्या आईने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, खाली येऊन पोरीला पदराने पुसलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा वर गेली, कारण हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, बुडली असती. त्या दिवसाची हजेरी मी पूर्ण दिली, याचं मला अजूनही काही कौतुक वाटत नाही. चूक माझी होती. प्लाय म्हणजे झाकण नव्हे.

तेव्हापासून टाकीचं काँक्रीटचं झाकण टाकीच्या आधी ओततो. कुलपाची कडी घालून. लिफ्टचा खड्डा, डक्ट, जिन्याची मोकळी बाजू, सगळीकडे बांबूचा आडवा कठडा. रंगीत फीत किंवा दोरी नाही. आणि एक शेड, साइटपासून थोडी बाजूला, तिथं मजुरांपैकीच एक म्हातारी किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई पोरं सांभाळते. तिची हजेरी कोटेशनमध्ये असते. 'पोरं सांभाळणारी बाई – दररोज' अशी ओळ बघून मालक चमकतात. पुण्यात तारा मोबाइल क्रेशसारखी संस्था साइटवर पाळणाघरं चालवते आणि डोअर स्टेप स्कूल साइटवरच्या मुलांना शाळेत घालते. आजूबाजूला मोठं काम चालू असेल आणि तिथं असा वर्ग असेल, तर आपल्या साइटची पोरंही तिकडं जाऊ शकतात का, एवढं विचारून घ्या. फाटकापर्यंत चालत जाऊन विचारायचं, इतकंच.

हजेरी, खर्ची आणि कागद

मजुराला आठवड्याला मिळते ती खर्ची. उरलेला हिशेब काम संपल्यावर. हा उरलेला हिशेबच बुडतो. तुम्ही ठेकेदाराला बिल वेळेवर दिलंत म्हणजे ते मुकादमापर्यंत आणि मुकादमाकडून मजुरापर्यंत गेलं, असं नसतं. म्हणून प्रत्येक टप्प्याचं बिल देताना हजेरीचं पुस्तक मागा आणि आधीच्या टप्प्याच्या सह्या-अंगठे बघा. वाचायला दहा मिनिटं लागतात. ठेकेदाराला राग येतो का? पहिल्यांदा येतो.

बाईची हजेरी पुरुषापेक्षा कमी, हा प्रकार सगळीकडे आहे. समान कामाला समान वेतन द्या, असं कायदा १९७६ पासून सांगतो. मीही बरीच वर्षं कमीच देत होतो, 'बाजारात तोच दर आहे' म्हणून. बिगारीचं काम एकच, घमेलं तेच, जिना तोच. आता एकच दर लिहितो: 'बिगारी'. पुढे स्त्री-पुरुष असा रकानाच नाही.

कागदात दोन गोष्टी बघा. एक, विमा. साइटवर याला डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात, म्हणजे कामावर अपघात झाला तर मजुराला भरपाई देणारी. पॉलिसीची प्रत मागा, तारीख वाचा, माणसांची संख्या वाचा. चार माणसांची पॉलिसी आणि स्लॅबला पंचवीस माणसं, हे नेहमीचं आहे. अपघात झाला तर विचारणा मालकालाही होते.

दुसरी, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी. १९९६ च्या कायद्यापासून बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर घेतला जातो. स्वतःच्या छोट्या घराला एका मर्यादेपर्यंत सूट असते, नाहीतर नकाशा मंजूर करतानाच तो भरून घेतात. त्या पैशातून मंडळ नोंदणीकृत कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती, बाळंतपणाला मदत, मृत्यूनंतर वारसांना रक्कम देतं. नोंदणीला वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. गाडी अडते ती या दाखल्यावर. ठेकेदार सही द्यायला घाबरतो, की उद्या अंगावर येईल. मग एजंट उगवतो आणि मजुराचेच पैसे खातो. करारात लिहून घ्या: 'काम केलेल्या प्रत्येक मजुराला दिवसांचा दाखला ठेकेदार विनामूल्य देईल.' तुम्ही उपकर भरला आहे, त्याचं फळ तुमच्याच भिंती बांधणाऱ्याला मिळावं एवढंच मागणं.

परांची आणि खड्डा

हेल्मेटचा मी फार आग्रही नाही असं म्हटलं की लोक दचकतात. हेल्मेट हवंच, पण ते शेवटचं. आधी कठडा. परांचीवर उभा असलेला गवंडी एका हातात थापी, दुसऱ्या हातात ताट घेऊन भिंतीकडे बघत मागे सरकतो. मागे दोन आडवे बांबू असतील तर तो थांबतो. नसतील तर हेल्मेट खाली पडलेल्याच्या डोक्यावर असेल. 'परांची: दोन फळ्यांची रुंदी, कमरेच्या उंचीवर आणि गुडघ्याच्या उंचीवर कठडा' ही ओळ कोटेशनमध्ये लिहा. काथ्याच्या गाठी पावसानंतर नव्याने आवळायच्या. कोरड्या झाल्यावर त्या सैल पडतात.

दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर बाजू उतरत्या खणा किंवा फळ्या-टेकू लावा. काळ्या मातीत तर नक्कीच. ती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. कंबरेपर्यंत गाडला गेलेला माणूस मी बघितलाय, छातीपर्यंत गेला असता तर श्वास घेता आला नसता. खणलेली माती कडेला ढीग मारून ठेवायची नाही, एक मीटर मागे टाकायची. इतकं सोपं, पण जेसीबीवाला कडेलाच टाकतो, कारण बकेट फिरवायला तेवढंच जवळ. तिथं तुम्ही स्वतः उभे राहा.

स्लॅबच्या दिवशी गमबूट आणि रबरी हातमोजे. ओल्या सिमेंटने तळपाय फुटतात, बोटांच्या बेचक्यात जखमा होतात. दुसऱ्या दिवशी त्यावर खोबरेल लावून माणूस पुन्हा कामावर.

माल

सगळ्यात आधी आर्किटेक्टला विचारा, यातलं काय नको. पुढच्या बाजूला 'एलिव्हेशन' म्हणून काढलेल्या काँक्रीटच्या पट्ट्या, ज्यावर कबुतरं बसण्यापलीकडे काही होत नाही. वर्षातून चार दिवस लागणारी पाहुण्यांची खोली. ढोबळ हिशेब असा की फुटाला ०.४ पोतं सिमेंट लागतं. पंधराशे फुटांना सहाशे पोती, म्हणजे तीस टन. सिमेंट करताना चुनखडी भाजतात आणि भाजताना त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीत कोळसा जळतो तो वेगळाच. दोनशे फूट कमी केले तर ऐंशी पोती वाचली. यापेक्षा मोठी बचत कुठलंही 'ग्रीन' उत्पादन तुम्हाला देणार नाही.

सिमेंट पीपीसी, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना, घ्या. त्यात १५ ते ३५ टक्के राख असते, औष्णिक वीज केंद्रातली, म्हणजे तेवढं भाजलेलं कमी. गवंडी आणि सेंट्रिंगवाला त्रेपन्न ग्रेड, म्हणजे राख न घातलेलं सिमेंट, मागतात. का? ते लवकर पकडतं, साच्याच्या प्लेटा लवकर काढता येतात आणि दुसऱ्या साइटला लावता येतात. प्लेटांचं भाडं दिवसावर असतं. म्हणजे घाई सिमेंटची नसते, भाड्याची असते. तेव्हा लिहा: 'सेंट्रिंगचं भाडं २१ दिवसांचं धरलं आहे.' मग सेंट्रिंगवाला सिमेंटबद्दल काही बोलत नाही, अनुभव आहे. टेकू कधी काढायचे ते इंजिनिअर सांगेल, सेंट्रिंगवाला नव्हे.

वाळू. नदीची वाळू आता मागूच नका. उपसा झाला की नदीचं पात्र खाली जातं आणि काठच्या विहिरी त्याच्यामागे आटतात. माझ्या आजोळी भीमेकाठी मी ते बघितलंय. दगड फोडून केलेल्या क्रश सँडला भारतीय मानकाची, आयएस ३८३ ची मान्यता आहे. तक्रार तिच्यातल्या भुकटीची. काँक्रीटला धुतलेली घ्या. गाडी आली की काचेच्या ग्लासात निम्मी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, हलवा आणि जेवून या. वर बसलेला मऊ थर बोटभर असेल तर गाडी परत. आणि गाडीवाल्याकडे वाहतूक पास मागा, सरकारच्या महाखनिज यंत्रणेचा. तो वाळूचा असो की खडीचा. पास नाही म्हणजे माल चोरीचा, एवढाच अर्थ घ्या.

विटा. लाल विटेत शेताची वरची माती जाते, ते एक. दुसरं कमी बोललं जातं. वीटभट्टीवर दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंबं येतात, रायगड-ठाण्याकडे कातकरी जास्त. आधी उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत सुटका नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ पासून आहे. स्वस्त विटेत ही उचल भाजलेली असते. मी राखेच्या विटा वापरतो, आतल्या भिंतींना हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे एएसी ब्लॉक. ब्लॉकच्या तक्रारी खऱ्या आहेत, जिथं ब्लॉक आणि कॉलम मिळतात तिथं तडा जातो. तिथं जाळी मारून मगच गिलावा. कोकणात असाल तर जांभ्याचा चिरा आहेच, त्याला तोड नाही. आणि देशावर जोत्याला आपल्याच पायातून निघालेला काळा दगड वापरा. मास्तरांच्या प्लॉटमधून एवढा निघाला की जोतं पूर्ण झालं आणि कुंपणालाही पुरला.

पाणी

एका पोत्याला पंचवीस लिटर पाणी पुरतं. मिक्सरवाला जास्त ओततो, कारण पातळ माल ओतायला सोपा. सहाशे पोत्यांना पंधरा हजार लिटर झाले. क्युरिंगला याच्या कितीतरी पट जातं आणि त्यातलं बरंचसं नुसतं वाहून. उघडा टाकलेला पाइप मिनिटाला वीस लिटर सोडतो. शेजारच्या गावात टँकरची वाट बघत बायका उभ्या आणि आमच्या स्लॅबवरून पाणी रस्त्यावर, हे मी माझ्याच साइटवर बघितलंय.

स्लॅबवर मातीचे वाफे बांधा, पाणी तुंबवून ठेवा. कॉलमला गोणपाट गुंडाळा, वर प्लॅस्टिक. पीपीसीला निदान दहा दिवस, उन्हाळ्यात चौदा. 'क्युरिंगसाठी स्वतंत्र माणूस' ही ओळ लिहा, नाहीतर हे काम वॉचमनच्या गळ्यात पडतं आणि तो झोपतो. पुण्यात महापालिका सांडपाणी शुद्ध करून बांधकामाला टँकरने देते, ते घ्या, बोअर वाचेल. पण तुंबलेल्या पाण्यात आठवड्यात डासांच्या अळ्या होतात आणि पहिला डेंग्यू मजुराच्या पोराला होतो. वाफे आठवड्यातून एकदा कोरडे करा, टाकीत गप्पी मासे सोडा. आरोग्य खात्याकडे फुकट मिळतात.

पंधराशे फुटांचं दुमजली घर म्हणजे गच्ची साधारण साडेसातशे फुटांची धरा. सातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला तरी जवळजवळ चाळीस हजार लिटर होतात. पाइप बोअरजवळच्या गाळणखड्ड्यात सोडायचं काम प्लंबिंग चालू असतानाच करा. नंतर करू म्हणणाऱ्यांनी नंतर कधी केलेलं नाही.

राडारोडा

जुनं घर पाडायचं असेल तर जेसीबी शेवटी आणा. आधी हाताने काढा. सागवानी चौकटी, शहाबादी फरशी, मंगलोरी कौलं, लोखंडी गज, सगळ्याला गिऱ्हाईक आहे आणि बरंच काही तुम्हालाच लागेल. पडवीवरचे जुने सिमेंटचे पत्रे फोडू नका, त्यात ॲसबेस्टॉस असतं. पाणी मारून, हुक सोडवून आख्खे उतरवा.

मग ढीग वेगळे: माती, काँक्रीट, विटा-गिलावा, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक. विटांचे तुकडे गच्चीच्या कोब्याला चालतात. वरची वीतभर माती, जिच्यात गवत उगवतं ती, कोपऱ्यात झाकून ठेवा. बागेला तुम्ही पुढे हीच विकत आणणार आहात. उरलेल्यासाठी ट्रॅक्टरवाल्याला एकच प्रश्न विचारा: कुठं टाकणार? 'टाकतो कुठंतरी' याचा अर्थ नाला किंवा नदीकाठ, रात्री. पुण्याचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प वाघोलीत आहे, पिंपरी-चिंचवडचा मोशीत. कोटेशनमध्ये लिहा: 'राडारोड्याची वाहतूक – केंद्राच्या पावतीवरच पैसे.' पावती नाही, पैसे नाहीत. पहिल्या वेळी ट्रॅक्टरवाला माझ्यावर तासभर ओरडला. दुसऱ्या खेपेपासून पावत्या खिशातून आपोआप निघायला लागल्या.

फरशी कापताना कटरला पाण्याची धार हवी. कोरड्या कापण्याची धूळ फुप्फुसात बसते ती बसतेच. दहा नंतर रात्री मशीन बंद. शेजाऱ्यांना स्लॅबची तारीख दोन दिवस आधी सांगा, गाड्या रस्ता अडवणार आहेत. आणि मिक्सर धुतलेलं पाणी झाडाच्या बुंध्याशी सोडू देऊ नका. मी एकाचा वीस वर्षांचा शेवगा असा घालवलाय. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

शेवटचं बिल

देण्याआधी प्लॉटला एक चक्कर मारा, मुकादमाला बरोबर घेऊन. टाकीला कुलूप आहे? शोषखड्डा केला असेल तर चुना टाकून बुजवला? शेजाऱ्यांच्या गटारात गिलाव्याचा गोळा अडकलाय का? खिळ्यांच्या फळ्या मातीत पडल्यात का? मग तिथंच, गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून मुकादमाला विचारा, कुणाचे किती राहिलेत. ठेकेदार समोर असताना विचारा.

मास्तरांनी असंच विचारलं. तीन जणांचे राहिले होते, त्यातले दोघे गावाला गेलेले. मुकादमाने फोन लावला, मास्तरांनी मला बघायला लावून पैसे पाठवले आणि माझ्या बिलातून वजा केले. बरोबरच होतं. संडासाचे पत्रे आणि भांडं मी ट्रॉलीत टाकून केसनंदच्या साइटवर नेलं. त्या भांड्याची ही सहावी साइट.